कला शाखा आणि तांब्याची पाटी

आपल्या खानदेशातील कितीतरी कॉलेजांच्या नावात 'कला, वाणिज्य व विज्ञान' असा क्रम असतो. पाटीवर कला पहिली, प्रवेशाच्या रांगेत मात्र ती शेवटची. बारावीला टक्के कमी पडले, घरची ऐपत कमी पडली, नाहीतर विज्ञानाला जागा उरली नाही, की मग 'कर बाबा आर्ट्स!' हे सर्वांना ठाऊक आहे. या लेखात त्यावर अश्रू ढाळण्याचा माझा विचार नाही. मला एक लहानशी मागणी मांडायची आहे. कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आणि विद्यार्थिनीने तीन वर्षांत निदान एकदा स्वतःच्या हाताने इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड तयार करावा, त्यावर चार सुटे भाग बसवावेत आणि तो चालू करून दाखवावा. कॉलेजने त्यासाठी एक टेबल, एक मोठी खिडकी आणि आठवड्यातून दोन तास द्यावेत. एवढेच.

मागणी वाचून आमची मित्रमंडळी आपल्याकडचा खास अहिराणी प्रश्न विचारतील, "कसाले?" म्हणजे, कशाला? मराठीचा विद्यार्थी संतसाहित्य वाचील, इतिहासाचा विद्यार्थी सनावळ्या वाचील. त्याने हातात सोल्डरिंग गन कशाला धरावी? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर द्यायला मी बांधलेला आहे.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. मोबाइलचा चार्जर, रेडिओ किंवा टीव्हीचा रिमोट उघडला की आत एक हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसते. तिच्या एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना तांब्याच्या बारीक वाटा असतात. त्या वाटा म्हणजेच तारा. सुटे भाग एकमेकांना जोडणारे हे तारांचे जाळे हवेत लोंबत न ठेवता पाटीवर चिकटवलेले असते. इंग्रजीत तिला प्रिंटेड सर्किट बोर्ड म्हणतात, दुकानदार नुसते पीसीबी म्हणतो.

ही पाटी घरी करता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. एका बाजूला तांब्याचा पत्रा चिकटवलेली कोरी पाटी विकत मिळते. त्या तांब्याची जाडी साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. पाटी भांड्याच्या घासणीने लख्ख घासायची. मग जिथे तांबे राहायला हवे तिथे झाकण घालायचे. हे झाकण पक्क्या शाईच्या मार्करचे चालते, नेलपॉलिशचे चालते. नाहीतर लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर नकाशा छापून तो पाटीवर उलटा ठेवतात आणि गरम इस्त्री दाबतात. प्रिंटरची काळी पूड वितळून तांब्याला धरते. कागद पाण्यात भिजवून हलक्या बोटाने चोळून काढला की काळा नकाशा तांब्यावर उरतो. नंतर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडचे तपकिरी द्रावण घेऊन त्यात पाटी बुडवायची आणि ट्रे हलवीत बसायचे. उघडे तांबे द्रावणात विरघळून जाते, झाकलेले राहते. द्रावण ताजे आणि कोमट असेल तर अर्ध्या तासात काम होते. पाटी धुवायची, झाकण पुसायचे, एक मिलिमीटरच्या आतबाहेरची भोके पाडायची, भागांचे पाय भोकांतून घालून कथिल-शिशाच्या तारेने डाग द्यायचा. संपले.

यात एक गंमत आहे. भाग पाटीच्या एका बाजूला बसतात आणि तांब्याच्या वाटा दुसऱ्या बाजूला असतात. त्यामुळे तांब्यावर हाताने नकाशा काढताना तो आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो. वरून पाहताना जो पाय डावीकडे, तो खालून उजवीकडे. कागदावरून छापताना मात्र कागद पालथा घातल्यामुळे ही उलटापालट आपोआप होते. हे ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याच्या आयसीचे पाय उलट्या जागी जातात आणि दोन तासांची मेहनत वाया जाते. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय लावणारा याहून स्वस्त धडा मला ठाऊक नाही.

आता 'कसाले?'चे उत्तर.

पहिले उत्तर असे की ही वस्तू मुळात आपल्याच घराण्यातली आहे. तिचे नावच पाहा, 'प्रिंटेड', म्हणजे मुद्रित. तिचा जनक मानला जाणारा पॉल आइस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता. व्हिएन्नात असताना त्याने वृत्तपत्राच्या छापखान्यात काम केले होते. पुढे नाझींच्या छायेतून निसटून तो इंग्लंडमध्ये आला आणि १९३६ च्या सुमारास लंडनमधील एका भाड्याच्या खोलीत छापील सर्किटाचा रेडिओ त्याने तयार केला. त्याला पाठबळ मिळाले ते एका शिळाछापाच्या कंपनीकडून. शाई, झाकण आणि आम्ल यांची भाषा छापखानेवाल्यांना ठाऊक होती, म्हणून ही कल्पना त्यांच्या ओटीत पडली. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खाऊन चित्र उमटवण्याची एचिंगची कला चित्रकार कितीतरी शतके वापरत आहेत, आणि आजचे मुद्राचित्रकार त्यासाठी हेच फेरिक क्लोराइड वापरतात.

आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर तांब्याची पाटी परकी वाटण्याचे कारणच नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्या धुळ्यात १९२६ च्या अखेरीस देह ठेवला, त्याच धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुने कागद आणि लेख यांच्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या गावचे आपण. ताम्रपट म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. राजाने दिलेले दान कायम राहावे म्हणून ते तांब्यावर कोरीत आणि पत्रे कडीत ओवून तिच्यावर मुद्रा ठोकीत. फरक इतकाच की ताम्रपटात अक्षराच्या जागचे तांबे जाते आणि बाकीचे उरते. बोर्डवर अक्षर उरते आणि बाकीचे जाते. ताम्रपट वाचायला शिकणाऱ्याला बोर्ड वाचणे अवघड जाऊ नये. दोन्हीकडे आधी हे शोधायचे असते की कोणी कोणाला काय दिले आणि ते कोणत्या वाटेने गेले.

आणि 'कला' या शब्दाचा अर्थ तरी आपण एवढा आकसून का घ्यावा? प्राचीनांनी चौसष्ट कला मोजल्या. त्यांत गायन-नृत्याबरोबर सुतारकाम आहे, धातुवाद आहे आणि यंत्रमातृका म्हणजे यंत्रे रचण्याची विद्याही आहे. हात आणि शब्द यांची फारकत ही आपल्या मातीतली गोष्ट नव्हे. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले गेले त्या बहिणाबाई शेतात राबणाऱ्या होत्या. अक्षर न शिकता, घरची आणि शेतातली कामे करता करता त्यांना काव्य सुचले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा ती नगरी सजवण्यासाठी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारखे साधे गावठी साहित्य हाताळले. एवढा मोठा चित्रकार बांबू हातात धरायला लाजला नाही. आपण मात्र पकड हातात धरायला लाजतो!

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे, कारण ते आपल्या शिवारातले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. केळी असो, कपाशी असो की कांदा असो, विहिरीवर मोटर आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते. वर्षानुवर्षे ती अर्ध्या रात्री यायची आणि बाप किंवा भाऊ कंदील-बॅटरी घेऊन साप-विंचवांच्या वाटेने मोटर चालू करायला जायचा. यावर कोणीतरी हुशार कारागिराने उपाय काढला, ऑटो स्विच. वीज आली की मोटर आपोआप सुरू. शेतकऱ्याची झोप वाचली. हा लहानसा डबा ज्याने घडवला त्याला माझा नमस्कार आहे.

पण पुढची गोष्ट पाहा. मोटर सुरू होतानाच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहापट विजेचा प्रवाह ओढते. समजा, एका रोहित्रावर पाच हॉर्सपॉवरचे वीस पंप आहेत. पूर्वी माणसे पुढेमागे पोचत, म्हणून पंपही पुढेमागे सुरू होत. आता वीज आल्याबरोबर वीसच्या वीस मोटरी एकाच क्षणी उडी मारतात. दाब कोसळतो, फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जळते, आणि मग साऱ्या शिवाराचे पाणी काही दिवस बंद. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना वारंवार विनवते की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. प्रत्येकाची सोय झाली आणि सर्वांची गैरसोय झाली.

याला इलेक्ट्रॉनिक्सकडे उत्तर आहे, आणि ते तळहाताएवढ्या घरगुती पाटीवर मावते. ५५५ नावाची एक आठ पायांची आयसी आहे. हान्स कॅमेन्झिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये ती रचली आणि आजही ती सुट्या भागांच्या दुकानात अगदी थोडक्या पैशात मिळते. तिला एक रोध आणि एक धारित्र जोडले की ती ठरलेल्या वेळेपुरती थांबते. हिशेब सोपा आहे: रोध गुणिले धारित्र गुणिले १.१. एक मेगओहमचा रोध आणि दहा मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले तर अकरा सेकंद, तोच रोध ठेवून शंभर मायक्रोफॅरड घेतले तर एकशे दहा सेकंद. वीस पंपांना वीस वेगवेगळे विलंब दिले तर मोटरी एकामागून एक सुरू होतील आणि रोहित्राच्या छातीवर एकदम भार पडणार नाही.

झाले? नाही. खरा प्रश्न इथेच सुरू होतो. पहिला कोण आणि विसावा कोण? एकाने आपला विलंब गुपचूप शून्य केला तर? पाळी कोणी ठरवायची, मोडणाऱ्याला दंड कोणी करायचा? ५५५ ला सेकंद कळतात, पाळी कळत नाही. पाळी हा अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा, समाजशास्त्राचा विषय आहे. म्हणजे आपला विषय आहे.

आणि याचे उत्तर खानदेशाने शतकांपूर्वी एकदा दिलेले आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांच्या काठी, बंधाऱ्याखाली फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी पीक बदलायचे. पाणी वरून खाली ठरलेल्या क्रमाने जायचे. देखरेखीला पाटकरी, जागल्या, हवालदार अशी गावानेच नेमलेली माणसे. त्या बंधाऱ्यांत चुना-दगड होता, पण त्यांना उभे ठेवले ते गावाच्या कराराने. ऑटो स्विचच्या डब्यात नेमका हाच करार नाही. जो विद्यार्थी फड पद्धतीवर निबंध लिहितो आणि ५५५ चा बोर्डही करतो, त्याच्या हातून हा करार डब्यात उतरण्याची शक्यता आहे. केवळ निबंध लिहिणाऱ्याला डबा कळत नाही, आणि केवळ डबा करणाऱ्याला फड कळत नाही. माझ्या मागणीचा गाभा हाच आहे.

यावर तीन आक्षेप येतील.

पहिला: आज चीनमधील कारखान्याकडे नकाशा पाठवला तर पाच-दहा सुबक बोर्ड थोडक्या डॉलरात घरपोच येतात, मग हात काळे कशाला करायचे? खरे आहे. ज्याला शंभर बोर्ड हवे आहेत, दोन बाजूंचे हवेत, केसासारख्या वाटा हव्यात, त्याने कारखान्यातच जावे. पण ज्याला एकच हवा आहे, आज संध्याकाळपर्यंत हवा आहे आणि तो का चालत नाही हे समजून घ्यायचे आहे, त्याला घरच्या ट्रेला पर्याय नाही. स्वयंपाक शिकायचा तो खाणावळ बंद पडली म्हणून नव्हे.

आइस्लरचीच एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. त्याने आपला छापील रेडिओ एका मोठ्या कंपनीला दाखवला, तेव्हा त्याला नकार मिळाला. कारण असे की तारा जोडण्याचे काम मुली करतात आणि त्या अधिक स्वस्त पडतात. यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच नव्हता. बाईच्या हाताची मजुरी किती, हा होता. वस्तूमागचे हे हात दिसायला लागणे हीच तर कला शाखेची दृष्टी. पण ज्याने एकदाही डाग दिलेला नाही त्याला ते दिसणार कसे?

दुसरा आक्षेप: हे काम आयटीआयचे, तंत्रनिकेतनाचे, कला शाखेचे नव्हे. याला उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळने दिले आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली त्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी असे सारे प्रत्यक्ष करता करता शिकू लागली. 'करता करता शिकणे' हाच आश्रमाचा मंत्र. अमेरिकेतील एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेने आपल्या आवाराबाहेर पहिली 'फॅब लॅब', म्हणजे जवळजवळ काहीही घडवता येईल अशी लहान कार्यशाळा, उभारायचे ठरवले, तेव्हा २००२ मध्ये ती या पाबळमध्ये आली. बोस्टनहून सुटलेली गाडी पाबळला थांबते आणि जळगाव-धुळ्याच्या कला महाविद्यालयापाशी थांबू शकत नाही, असे मानायला मी तयार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: हे धोक्याचे आहे. आहेच, आणि तो लपवून मागणी करणे लबाडी होईल. फेरिक क्लोराइड कातडीला आणि डोळ्यांना इजा करते, कपड्यावर पडलेला डाग जात नाही. रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांशिवाय काम करू नये. ट्रे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. डाग देण्याच्या तारेत शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतायचे नाही, कधीच नाही. त्यात विरघळलेले तांबे असते आणि ते पाण्यातल्या जीवांना मारक असते. आपली मोरी गटारात जाते आणि गटार पांझरेत नाही तर गिरणेत. द्रावण बंद प्लास्टिकच्या बरणीत साठवावे, पुन्हा पुन्हा वापरावे आणि शेवटी रसायनशास्त्र विभागाच्या देखरेखीखाली त्याची विल्हेवाट लावावी. विद्यार्थ्याने बोर्ड चालवायचा तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, पंपाच्या जागी लहान दिवा लावून. खऱ्या स्टार्टरच्या पेटीत चारशे पंधरा व्होल्ट असतात. तिथे परवानाधारक वायरमनच हवा. या अटी जाचक नाहीत. नदीपर्यंत विचार करायला लावणारे प्रात्यक्षिक पर्यावरणाच्या पेपरात तरी कुठे असते?

आता व्यवहाराचे बोलू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०२४-२५ पासून आपल्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना लागू झाली. तिच्यात 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायचा असतो, आणि कौशल्याचे वेगळे श्रेयांकही आहेत. म्हणजे दार सरकारनेच उघडले आहे. भीती एवढीच की या दारातून पुन्हा झेरॉक्सच्या नोट्सच आत येतील. 'इलेक्ट्रॉनिक्सची ओळख' या विषयाचे पंधरा अपेक्षित प्रश्न पाठ करून श्रेयांक मिळवणारा विद्यार्थी आणि रोधावरचे रंगपट्टेही न ओळखणारा विद्यार्थी एकच असेल, तर धोरण कितीही राष्ट्रीय असो, ते आपल्या उपयोगाचे नाही. शाळांना २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब मिळू लागल्या, प्रत्येकीसाठी वीस लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. आपल्याला वीस लाख नकोत. चार सोल्डरिंग गन, एक हातड्रिल, एक जुनी इस्त्री, कोऱ्या पाट्या, हातमोजे आणि शिकवायला पदार्थविज्ञान विभागातील एक प्राध्यापक किंवा गावातला एखादा जुना रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर. सन्माननीय अतिथी म्हणून आपण वक्ते बोलावतो, शाल-श्रीफळ देतो. एक वर्ष तो मान त्या कारागिराला देऊ या.

सुरुवातही सोपी करता येईल. पहिला बोर्ड टाकी भरल्याची घंटा. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन रोध, एक बझर आणि बॅटरी. पाणी दोन तारांना टेकले की बारीकसा प्रवाह ट्रान्झिस्टरला जागा करतो आणि बझर ओरडतो. ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे टाकीवरून वाहून जाणारी बादलीभर धार वाचवणारे हे यंत्र कोणाला कळणार नाही? दुसरा बोर्ड ५५५ चा विलंब. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या गावातील एक अडचण निवडावी, तिच्यासाठी बोर्ड करावा आणि सोबत दहा पानांचा निबंध लिहावा: ही अडचण कोणाची, उपायाने कोणाचे भले होते, कोणाचे नुकसान होते आणि पाळी कोणी ठरवावी. बोर्ड चालला पाहिजे आणि निबंध पटला पाहिजे. गुण दोन्ही मिळून.

या मागणीने कला शाखा विज्ञान शाखा होणार नाही, व्हायलाही नको. आपण उद्या शिक्षक होऊ, तलाठी होऊ, ग्रामपंचायतीत निवडून येऊ, शेती करू, सुना होऊन दुसऱ्या गावी जाऊ. यापैकी प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बंद डबा पुढे ठेवील आणि म्हणेल, 'यात काय आहे ते तुम्हाला कळायचे नाही, इथे सही करा.' मतदानाचे यंत्र, विजेचे मीटर, रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र हे सारे डबे आता आपल्या रोजच्या नागरिकत्वाचे भाग आहेत. त्यांच्या आतले सगळे आपल्याला कळेल असे नाही. पण आत कोणीतरी माणसाने वाट आखलेली आहे, ती दुसरीकडूनही आखता आली असती, एवढे ज्याला स्वतःच्या हाताने कळले आहे तो प्रश्न विचारल्याशिवाय सही करणार नाही.

तेव्हा प्राचार्य महोदय आणि गुरुजन, येत्या जूनमध्ये वेळापत्रक करताना एक टेबल आणि दोन तास एवढे आमच्यासाठी राखून ठेवावेत, ही विनंती. खिडकी मात्र मोठी असावी.